सेलीन सिस्टरची पालथी चप्पल

फोन वाजला तेव्हा बाबांचा उजवा पाय माझ्या मांडीवर होता. रविवारी सकाळी आमच्याकडे हा कार्यक्रम ठरलेला असतो. बाबा खिडकीजवळच्या खुर्चीत, मी खाली पाटावर. नखं सरळ कापायची, कोपऱ्यात कात्री घालायची नाही, बोटांच्या बेचक्या कोरड्या करायच्या, टाच उजेडाकडे वळवून बघायची. त्या पायाला चारच बोटं आहेत, त्याचं कारण पुढे येईलच. फोन उत्तनजवळच्या तारोडी गावाहून होता, रोझलिनचा, म्हणजे सेलीन सिस्टरच्या सुनेचा. ती एवढंच म्हणाली, "मम्मी गेली गो. पहाटे, झोपेतच." मी 'येते' म्हटलं आणि फोन खाली ठेवला. बाबांनी विचारलं, "कोण?" मी सांगितलं. त्यांनी पाय मागे घेतला नाही. खिडकीबाहेर बघत म्हणाले, "राहिलेली नखं कापून घे. अर्धवट सोडलेलं त्यांना चाललं नसतं."

मागच्या आठवड्यात त्यांच्या महिन्याच्या मिस्सेला, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनेला, जाऊन आले, तेव्हापासून मनात आहे की हे लिहावं. मला लिहायची सवय नाही. पण ज्यांच्यामुळे माझ्या घरात एक माणूस दोन पायांवर चालतोय, त्यांच्याबद्दल चार ओळी मी लिहायच्या नाहीत तर कोणी लिहायच्या?

सिस्टर म्हणजे नन नव्हेत. नवरा, मुलगा, सून, नातवंडं, दारात वाळत घातलेले बोंबील, असा त्यांचा तारोडीतला संसार. सगळं आयुष्य त्यांनी मुंबईच्या एका मोठ्या हॉस्पिटलात नर्स म्हणून काढलं, वॉर्डाच्या प्रमुख म्हणून निवृत्त झाल्या, आणि लोक ज्या वयात गुडघे धरून बसतात त्या वयात भाईंदरच्या केबिन रोडवरच्या आमच्या दवाखान्यात मुलींना शिकवायला आल्या. आमचा दवाखाना फक्त पायांचा. पोडियाट्री म्हणतात त्याला. दातांचा डॉक्टर वेगळा असतो तसा हा पायांचा. येणारे बहुतेक शुगरवाले. पाय बधिर झालेले, जखम झालेली कळत नाही, कळते तेव्हा उशीर झालेला असतो. डॉक्टर हुशार, स्वभावानेही चांगले, पण त्यांच्याकडे मदतनीस मुली टिकत नव्हत्या. काहींना घाण वाटायची. त्याहून मोठी अडचण पेशंटची होती. आपल्याकडे नुसता पाय लागला तरी माणूस हात जोडतो. म्हातारी माणसं जीभ दाखवतील, पोट दाखवतील, पण पाय एका तरुण मुलीच्या हातात द्यायचा म्हटलं की "नको गं बाळ, मला पाप लागेल" म्हणत तो खुर्चीखाली ओढून घेणार. डॉक्टर आत वाट बघत बसायचे आणि बाहेर मुली पायांची मनधरणी करत बसायच्या. म्हणून त्यांनी सिस्टरना आणलं. पूर्वी त्याच हॉस्पिटलात शिकत असताना डॉक्टरांनी सिस्टरची बोलणी खाल्ली होती, त्यामुळे बाई काय चीज आहे हे त्यांना माहीत होतं.

मी आमच्या घरातली पहिली ग्रॅज्युएट. हे मी सगळीकडे सांगते, इथेही सांगते. बाबा भाईंदर पूर्वेला स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात पॉलिशवर होते, आई घरी इमिटेशनच्या माळा ओवायची. माझं बीएस्सीचं सर्टिफिकेट फ्रेम करून टीव्हीच्या वर लावलंय. आईने त्याला चंदनाचा हार घातला होता, तो बाबांनी काढायला लावला, "पोरगी जिवंत आहे अजून" म्हणून. तर अशी मी, हातात फाइल घेऊन, नवी सँडल घालून त्या दवाखान्यात गेले. माझ्या डोळ्यांसमोर कॉम्प्युटर, अपॉइंटमेंट, पांढरा कोट असलं काहीतरी होतं. समोर एक ठेंगणी, सावळी, केस काळेभोर रंगवलेली बाई आली. तिने फाइल बघितलीच नाही. पेशंटच्या खुर्चीकडे बोट दाखवून म्हणाली, "बस. सँडल काढ."

"मॅडम, मी नोकरीसाठी आलेय."

"मग? पाय घरी ठेवून आलीस काय?"

मी बसले. त्या स्वतः खाली स्टुलावर बसल्या, माझी सँडल उचलून पालथी केली, आत हात घातला, आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "नवी हाय. एक नंबर लहान घेतलीस, बारीक दिसावी म्हणून. डाव्या टाचेला फोड आलाय." आला होता. मग त्यांनी कोमट पाण्याच्या टबात माझे पाय घेतले आणि धुतले. मी आक्रसून बसले. लाज वाटली, गुदगुल्या झाल्या, रागही आला. लहानपणानंतर माझे पाय असे कोणी हातात घेतलेच नव्हते. पुसून झाल्यावर त्यांनी विचारलं, "लाज वाटली ना? ती लक्षात ठेव. तुझ्यासमोर जो बसेल त्याला तीच वाटणार हाय. काय शिकलीस?" मी बीएस्सी म्हटलं. "बरं केलंस. नाडी, नसा तुला लवकर समजतील. चल ग्रॅज्युएट, टब उचल." त्या दिवसापासून माझं नाव ग्रॅज्युएट पडलं. माझं खरं नाव स्नेहल आहे हे त्यांना माहीत होतं की नाही, मला शेवटपर्यंत कळलं नाही.

माझ्याबरोबर मीरा रोडची रुखसार होती. आम्ही दोघींनी एकमेकींचे पाय इतके धुतले, इतके बांधले, की तिच्या तळव्यावरचा तीळ मला अजून आठवतो. पाणी कोपराने बघायचं, हाताने नाही, आणि पेशंटला तर पाय घालून बघू द्यायचंच नाही, कारण पोळलं तरी त्याला समजणार नाही. टॉवेल चोळायचा नाही, टिपायचा. पायाची नाडी यंत्राने ऐकायच्या आधी बोटांनी शोधायची. भोवरी दिसली तरी आपण खुडायची नाही. "ब्लेड डॉक्टरचं, तुमचा हात टॉवेलपर्यंत," हे त्यांचं वाक्य आम्ही झोपेतही म्हटलं असतं. बधिरपणा तपासायला एक नायलॉनचा दोरा असतो. पेशंटने डोळे मिटायचे, आपण तळव्याला ठिकठिकाणी दोरा टेकवायचा, लागलं की त्याने सांगायचं. इथे रुखसार प्रत्येक वेळी प्रेमाने विचारायची, "लगा चाचा?" आणि चाचा म्हणायचे, "हां, लगा." सिस्टरनी तिला थांबवलं. "तू विचारतेस म्हणून तो हो म्हणतो. माणूस खोटं बोलत न्हाय गो, समोरच्याला खूश करायला बघतो. गप्प राहा. दोऱ्याला बोलू दे." बोलायला त्या फार कडक होत्या. रुखसार दोनदा रडून घरी गेली आणि दोन्ही वेळा दुसऱ्या दिवशी आली. आमचे डॉक्टर शुद्ध शाकाहारी, आणि सिस्टरच्या पिशवीत कायम कागदात गुंडाळलेले सुके बोंबील. डॉक्टर नाक दाबून म्हणायचे, "सिस्टर, हत्यारं उकळायच्या खोलीत बोंबलाचा वास येतोय." त्या म्हणायच्या, "वास हाय म्हणजे जंतू मेले." स्वतःच्या पायांची त्यांना भारी हौस. नखं लालचुटुक रंगवलेली. पेशंटना मात्र नेलपॉलिश बंद, रंगाखाली नख काळं पडलं तर दिसत नाही म्हणून. कोणी बोट दाखवलंच तर, "मला शुगर न्हाय. आणि चाळिशीनंतर बाईने तोंडावर खर्च करून उपयोग न्हाय, पायांवर करावा."

पण त्यांची खरी विद्या दाराबाहेरच्या चपलांच्या मांडणीत होती. "पाय मागायचा न्हाय," त्या सांगायच्या, "मागितला की माणूस तो लपवतो. चप्पल मागायची. चप्पल द्यायला कोणाला लाज वाटत न्हाय." पेशंट बसला की आपण त्याची चप्पल हातात घ्यायची, पालथी करायची, कुठे झिजलीय बघायची, आत हात घालून खिळा, खडा, ओल, डाग शोधायचा, आणि बोलत राहायचं. कुठून घेतली, किती चालता, अंगठा का रुतलाय इथे. बोलता बोलता पाय आपोआप पुढे येतो. ज्या चपलेत काही वाईट दिसेल ती त्या मांडणीवर पालथीच ठेवायच्या. ती आमच्यासाठी खूण. पालथी चप्पल म्हणजे हा माणूस बरा आहे म्हणाला, घाई आहे म्हणाला, तरी त्याला बघितल्याशिवाय सोडायचं नाही. आता, चप्पल पालथी पडली की घरात भांडण होतं हे कोणाला माहीत नाही? पेशंट बिचकायचे. एक गुजराती बेन तर उठून चालल्याच होत्या. सिस्टर त्यांना म्हणाल्या, "बेन, झगडा हुआ तो मेरे को बुलाना. मैं आपकी साइड से बोलेगी." बेन हसल्या, बसल्या, आणि पाय दिला.

घरी मात्र माझ्या कामाचं कौतुक नव्हतं. शेजारच्या काकूंनी विचारलं की आई सांगायची, "डॉक्टरांकडे असते," आणि लगेच गॅसकडे वळायची. मला एकदा म्हणाली, "लोकांचे पाय धुवायला एवढी वर्षं कॉलेज केलंस?"  बाबा त्या दिवसांत घरातही मोजे घालून बसायचे. त्यांना शुगर होतीच. मी विचारलं तर म्हणाले, "फरशी गार लागते." उन्हाळ्यात. जवळ गेलं की हळदीचा वास यायचा. मी म्हटलं, बाबा पाय दाखवा. ते म्हणाले, "का, दवाखान्यात पेशंट कमी पडले?" दुसऱ्यांदा विचारलं तेव्हा ताट सोडून उठले. मला भीती कशाची होती ते मला माहीत होतं आणि त्यांना कशाची होती तेही. त्यांच्या कारखान्यातले एक जण बोटाची जखम दाखवायला हॉस्पिटलात गेले आणि गुडघ्याखालचा पाय गमावून घरी आले. काम गेलं. तेव्हापासून त्या कारखान्यात सगळ्यांचं ठाम मत झालं होतं की, दाखवला की पाय जातो.

मी सिस्टरना सांगितलं. त्यांनी मला वेड्यात काढलं. "पाय मागितलास ना? काय शिकवलंय मी? ... त्यांना एकदा इथे आण. कशालाही."

म्हणून एके दिवशी मी डबा मुद्दाम घरी ठेवून आले. बाबांची दुपारची पाळी होती, कारखान्यात जाता जाता डबा पोचवणं त्यांना अडचणीचं नव्हतं. दवाखाना पहिल्या मजल्यावर, मांडणी जिन्याच्या वरच्या चौकात. बाबा वर आले आणि त्यांना मांडणीवर चपला पालथ्या दिसल्या. मुलगी जिथे काम करते तिथे, दारातच, पालथ्या चपला... त्यांनी वाकून एकेक सरळ केली, जोड्या नीट लावल्या, शेजारी स्वतःचे बूट ठेवले, मोज्यांनी आत आले, डबा टेबलावर ठेवला आणि पाणी प्यायला खुर्चीच्या कडेवर टेकले. तेवढ्यात सिस्टर पेशंटला हाक मारायला बाहेर आल्या आणि त्यांची नजर दाराबाहेर गेली.

"माझ्या चपला कोणी उठवल्या?"

रुखसारने माझ्याकडे बघितलं. मी बाबांकडे. बाबा उठून उभे राहिले आणि चांगलं काम केल्यासारखे म्हणाले, "मी सरळ केल्या, बाई. पालथ्या पडल्या होत्या. दवाखान्याच्या दारात बरं दिसत नाही."

"पडल्या न्हवत्या. मी पाडल्या होत्या."

आता कुठली खुणेची आणि कुठली साधी, काहीच कळेना. सिस्टर त्या चौकात फरशीवर बसल्या आणि सगळ्या चपला पुन्हा बघायला लागल्या. तोंडाने चालूच, एवढी सरळपणाची हौस असेल तर आमच्या गावात किनाऱ्यावर होड्या पालथ्या हायत, त्या सरळ करा. एक चप्पल, दुसरी, तिसरी. मग एका बुटात हात गेला आणि त्या बोलायच्या थांबल्या.  त्यांनी बुटातला आतला तळ ओढून काढला. तो खालून तपकिरी झाला होता. आणि त्यांच्या चिमटीत स्टीलचा वळलेला, चकचकीत कीस होता.

"हे बूट कोणाचे?"

"माझे," बाबा म्हणाले. "पण मी पेशंट नाही. मी हिचा बाप."

"बापाला पाय नसतात काय?"

बाबांनी पाळीची वेळ झाली सांगितलं, बूट मागितले. सिस्टरनी बूट मांडीवर घेतले आणि बाबांच्या शेजारच्या खुर्चीत येऊन बसल्या. देते म्हणाल्या, आधी सांगा, एवढ्या चांगल्या बुटाची वाट कशी लागली? मोज्यांवर केबिन रोडवरून जाणं शक्य नव्हतं. बाबा बसले. मग हळूहळू बोलायला लागले. दिवसभर उभं राहायचं असतं, चाकावर भांडं धरताना सगळा भार उजव्या पायावर येतो, कीस उडतो तो कुठेही जातो. बोलता बोलता त्यांना रंग चढला. "आमच्या हातचं पातेलं बघा बाई, आरशासारखं. तोंड दिसतं."

"तोंड दिसतं. पाय न्हाय दिसत ना त्यात."

बाबा हसले. कित्येक दिवसांनी. आणि हसता हसताच त्यांनी ती कारखान्यातल्या सोबत्याची गोष्ट सांगितली. सिस्टरनी सगळी ऐकून घेतली. मग म्हणाल्या, "तो दाखवायला गेला म्हणून पाय गेला न्हाय, भाऊ. उशिरा गेला म्हणून गेला. तुमचा राहील असं मी सांगत न्हाय, ते डॉक्टर बघतील. पण जे बुटात होतं ते पायातही असणार. आणि ते तुम्हाला टोचत न्हाय, हे मला आवडलेलं न्हाय." त्यांनी मान न वळवता हाक मारली, "ग्रॅज्युएट, टब."

मी टब आणला. पाण्यात कोपर बुडवून बघितलं. बाबा मला बघून आक्रसले. "ही नको. तुम्ही बघा. हिच्या लग्नात जावयाचे पाय मी धुवायचेत, हिने माझे नाही."

"आमच्याकडे ईस्टरच्या आधी गुरुवारी फादर खाली बसतो आणि गावच्या माणसांचे पाय धुतो," सिस्टर म्हणाल्या. "मच्छीवाल्याचेही. फादरचा मान कमी झालेला मी तरी बघितला न्हाय. आणि हिला मी शिकवलंय. माझ्याएवढं चांगलं धुणार न्हाय ती, पण तुमच्यापेक्षा बरं धुईल."

बाबांनी पाय पुढे केला आणि नजर पंख्याकडे लावली. मोजा चिकटला होता, तो ओला करून हळूहळू सोडवावा लागला. करंगळीच्या खाली जखम होती आणि तिच्यात हळद.  धुतला, टिपला, जसं शिकवलं होतं तसं. मग दोऱ्याची तपासणी. बाबांना डोळे मिटायला सांगितलं. मी दोरा अजून उचललाही नव्हता, तर बाबा डोळे मिटूनच म्हणाले, "लागलं." ... थोड्या वेळाने पुन्हा, "हां, लागलं." सिस्टरनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. तेवढाच. एरवी त्या कोणाला हात लावायच्या नाहीत, पाय सोडून.

डॉक्टरांनी पुढे बरेच महिने त्या पायाची काळजी घेतली. करंगळी वाचली नाही, जखम हाडापर्यंत गेली होती. पाय वाचला. बाबांच्या शेठनी त्यांना उभ्या कामावरून काढून मालाच्या तपासणीला बसवलं, पातेल्यात तोंड दिसतंय का ते बघायला. त्या कामावरूनच ते निवृत्त झाले. आमच्या घरात खरी लढाई झाली ती वेगळीच. डॉक्टरांनी सांगितलं, अनवाणी एक पाऊल नाही, घरातसुद्धा. मऊ रबराची चप्पल कायम पायात. आईने हात वर केले. स्वयंपाकघरात चप्पल, देवघरासमोर चप्पल, हे तिला जमणारच नव्हतं. सिस्टर घरी आल्या. आईला वाटलं ही बाई आता देवाधर्मावर भाषण देणार. त्यांनी चहा घेतला, आईच्या माळांचं कौतुक केलं, एक गळ्यात घालून बघितली, आणि म्हणाल्या, "वहिनी, नवा जोड आणा. उंबऱ्याबाहेर कधी गेला न्हाय तर ती चप्पल कसली, तो पायाचा कपडा झाला. कपडे घालून देवासमोर उभे राहतात ना भाऊ?" आईने विचार केला. मग तोडगा तिचा तिनेच काढला. देवघरापासून दोन फरश्या अलीकडे स्टूल ठेवलं, बाबांनी तिथे बसून नमस्कार करायचा. तो जोड आला तेव्हा आईने त्यालाही हळदकुंकू लावलं. आणि शेजारच्या काकूंनी पुन्हा कधी विचारलं तेव्हा मी आतून ऐकलं, आई सांगत होती, "आमची स्नेहल पायांच्या दवाखान्यात आहे. मुलींना शिकवते तिथे."

हो, आता मी शिकवते. सिस्टरचे गुडघे कुरकुरायला लागल्यावर रोजची जबाबदारी माझ्यावर आली. त्या शनिवारी तेवढ्या यायच्या, उत्तनच्या बसने, छत्री टेकत. स्टुलावर बसून मुलींचं आणि माझं काम बघायच्या. शाबासकी त्यांच्या तोंडून मी कधी ऐकली नाही. शेवटच्या भेटीत एक नवी मुलगी आली होती, हातात फाइल, पायात नवी सँडल. मी तिला खुर्चीत बसवलं, सँडल काढायला लावली आणि तिचे पाय धुतले. सिस्टर सगळं बघत होत्या. मला आशा होती. त्यांनी टबात कोपर बुडवलं आणि म्हणाल्या, "पाणी गार हाय." मग माझ्या डब्यातली अर्धी भाजी खाऊन बस पकडायला गेल्या.

त्या रविवारी मी आणि बाबा तारोडीला पोचलो तेव्हा चर्चची घंटा वाजत होती. घराबाहेर अंगणभर चपला. आत बायका रोजरी, म्हणजे माळेवरची प्रार्थना, म्हणत होत्या. रोझलिनने मला आतल्या खोलीत नेलं. सिस्टरना निळी साडी नेसवली होती, हातात माळ होती, आणि नखं लाल होती, हातांची नाही, पायांची. रोझलिनने नवे बूट आणले होते, पांढरे, खोक्यातले. "तूच घाल," ती म्हणाली, "मम्मीला आवडेल." मी बूट हातात घेतला. पालथा केला. आत हात घातला. पुढच्या टोकाला दुकानदाराने कोंबलेला कागदाचा बोळा होता, तसाच राहिलेला. दुसऱ्यातही. दोन्ही काढून मी मुठीत धरले. कोपऱ्यातल्या एका म्हाताऱ्या बाईने मान हलवली, "राहू दे गो, तिला आता कुठं टोचणार." रोझलिन म्हणाली, "घालू दे तिला तिच्या पद्धतीने." मी पाय टिपले, बेचक्याही, आणि बूट घातले. पाय गार होते. सवयीने मी दोन्ही पायांची नाडी बघितली... बोटं तिथे गेली, एवढंच.

दवाखान्यात मांडणीच्या सगळ्यात खालच्या फळीवर सिस्टरची दवाखान्यात घालायची चप्पल अजून आहे. निळा रबरी पट्टा, टाचेला डावीकडे झिजलेली. ती हलवायचं कोणी नाव काढलं नाही. गेल्या सोमवारी सकाळी मी वर आले तर ती चप्पल पालथी होती. रुखसारने केली, का डॉक्टरांनी, का त्या नव्या मुलीने, मी विचारलं नाही.

दुपारी बाबा तपासणीला आले. मांडणीसमोर थांबले. सगळ्या फळ्यांवरून फिरत त्यांची नजर खाली आली आणि त्या चपलेजवळ त्यांचा हात सवयीने पुढे गेला. मी दारातून बघत होते. त्यांनी ती ओळखली. हात तसाच मागे घेतला, शेजारी स्वतःचे जोडे ठेवले, दवाखान्यातली चप्पल पायात सरकवली आणि आत येऊन खुर्चीत बसले. मी काही मागायच्या आधी त्यांनी पाय पुढे केला.